पासंग

पाचव्या दिवशी सकाळी बाळाचं वजन करायला सगळे दुकानात जमले, तेव्हा बाळंतीणही कठड्याला धरून जिना उतरून आली. तिने येऊ नये असं तिच्या नणंदेचं, अक्काचं म्हणणं होतं. पण या घरात वजनाच्या वेळी हजर नसणं म्हणजे आपणच आपली बाजू पडू देणं, एवढं तिला चार दिवसांत कळून चुकलं होतं.

वर घर आणि खाली तराजू दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या पाटीवर तिच्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या वडिलांनी मोठ्या हौसेने रंगवून घेतलेलं वाक्य अजून होतं : ‘डोळा चुकेल, काटा चुकणार नाही.’ ते लिहिलं गिऱ्हाइकांसाठी, पण मनावर घेतलं घरच्यांनी. इथे कुणाला ताप आला तर कपाळाला हात लावायच्या आधी थर्मामीटर शोधायला धावत. घरातलं प्रत्येक मूल दवाखान्यातून आलं की पहिले दहा दिवस रोज सकाळी दुकानातल्या मोठ्या तराजूत ठेवलं जाई. अक्काची तिन्ही मुलं त्या पारड्यातून गेली होती. आता तिच्या भावाची, मधल्याची मुलगी.

तराजूला हात लावायचा तो फक्त तात्यांनी. बहात्तरी उलटली, बोटं थरथरायला लागली, तरी हा मान त्यांनी कुणाला दिला नव्हता. ते सगळ्यांच्या आधी खाली येत, पारडी पुसत, दांडी हलू नये म्हणून तिच्यात लाकडी खुंटी अडकवत आणि एका पारड्यात दुपटं अंथरत. बाळ ठेवून, समोरच्या पारड्यात वजनं रचून झाली की मग खुंटी निघायची. आजही तसंच झालं. दांडी जराशी हलली आणि तात्यांनी आणखी एक लहान वजन टाकताच सरळ आडवी थांबली.

“दोन किलो नऊशे साठ!” अक्काने मोठ्याने वाचलं आणि फळ्यावर खडूने लिहिलं. “कालच्यापेक्षा तीस ग्राम जास्त. बघा मास्तरीणबाई, उगाच डोळ्यांतून पाणी काढत होतात.”

सून लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, म्हणून ती या घरात मास्तरीण. पहिल्या वर्षी त्यात कौतुक होतं, आता टोमणाच जास्त होता.

“अक्का, ती पीतच नाहीये,” मास्तरीण म्हणाली. “तोंडात घेते, तीनचारदा ओढते आणि झोपून जाते. गिळल्याचा आवाज येत नाही मला.”

“आवाज कसला ऐकतेस? नळ आहे का तो?”

मधला हसला. फार नाही, पण हसला. नवऱ्याचं ते हसणं मास्तरणीने नीट पाहून ठेवलं.

“अगं, पीत नाही तर वाढतेय कशावर? हवेवर?” तो म्हणाला. “काटा काय आपला सगासोयरा आहे खोटं बोलायला?”

तात्यांनी खुंटी परत घालून टाकली. त्यांना आज घाई दिसत होती. “झालं ना आता? वर न्या तिला. इथे गार आहे,” ते म्हणाले आणि बाळाकडे न बघताच पाठ वळवून कानशी पुसायला लागले.

*

आई, म्हणजे तात्यांची बायको, वजनाच्या वेळी कधीच दुकानात यायची नाही. वजनाच्याच काय, कुठल्याच वेळी नाही. एकेचाळीस वर्षांत तिने दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता आणि का, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. ती मागच्या मोरीत बाळाचे लंगोट धुवत बसली होती.

धुवत होती म्हणजे काय, एकच होता. कालपासून एवढा एकच ओला झाला होता आणि त्यावर मध्यभागी विटकरी रंगाचा डाग होता. आईने तो उजेडाला धरला. हा रंग तिच्या ओळखीचा होता. तिची पहिली मुलगी, अक्काच्याही आधीची, अकरा दिवस जगली होती आणि तिच्याही लंगोटावर असाच डाग यायचा. तेव्हा तिने सासूला सांगितलं होतं. सासू म्हणाली होती, “वजन बोलेल ते खरं, तू गप्प राहा.” मामंजी खाली गिऱ्हाइकांदेखत आकडा वाचायचे, तो जिन्यावरून वर यायचा, आणि आकडा उतरला की जेवताना कुणी तिच्याशी बोलायचं नाही. पण शेवटी शेवटी वजन वाढायला लागलं होतं की. वाढत होतं, आणि अकराव्या पहाटे ती गार झालेली सापडली, आईच्या कुशीत. ते कसं झालं हा प्रश्न आईने कधी कुणाला विचारला नव्हता. काही प्रश्नांचं उत्तर आपल्याकडेच असेल अशी भीती वाटते, तसला तो होता.

डाग निघेपर्यंत तिने लंगोट चोळला. आपल्या डोळ्यांचं काय, ते एकदा चुकले होतेच, असं म्हणत दोरीवर वाळत घातला. खालून तर तीस ग्राम वाढल्याचं ओरडून सांगत होते.

*

खोलीत मास्तरणीने बाळाला पुन्हा छातीशी घेतलं. बाळाने तोंड अर्धवट उघडलं, नुसतं टोक धरलं, आणि तिला टाचेपर्यंत कळ गेली. दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. काल संध्याकाळपासून छाती दगडासारखी भरून आली होती, दुपटी भिजत होती, म्हणजे दूध नव्हतं असं नाही. पण बाळाचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. तिने तळपायाला टिचकी मारली. कानाची पाळी चोळली. ओला कपडा कपाळावर फिरवला. बाळाने डोळे उघडले नाहीत. डोळ्यांच्या कडांचा रंग कालपेक्षा पिवळा होता, की खिडकीतल्या उजेडाने तसा दिसत होता, हेही तिला ठरवता येईना. आपण जे बघतो ते खरं मानायची तिची सवय चार दिवसांत मोडून गेली होती.

तिला राग आला तो स्वतःचाच. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली दिसली की ती पहिलं विचारायची, “कुणाचं बघून लिहिलंस?” इथे उत्तर रोज बरोबर येत होतं. रीत कुठेच जुळत नव्हती. आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.

“आई,” तिने हाक मारली. सासू दारात आली. “तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. वजन सोडून द्या.”

आईने बाळाकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिचे ओठ हलले.

“नर्सबाई येणार आहेत ना आज,” ती म्हणाली. “त्यांना विचारू.”

*

नर्सबाई बाराच्या सुमाराला आली. जाडजूड, घाईतली बाई; तिला अजून सहा घरं करायची होती. चप्पल काढता काढता तिचं बोलणं चालू होतं, ते बाळाला उचलल्यावर थांबलं. तिने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. बोट धुऊन तोंडात घातलं, तर आत कोरडं.

“लघवी किती वेळा होते?”

मास्तरणीने सासूकडे पाहिलं.

“कालपासून एकदा,” आई म्हणाली. “विटकरी डाग होता.”

“आई!” अक्का ओरडली. “आणि हे आत्ता सांगतेस?”

“तू वजन वाचत होतीस. मध्ये मी काय बोलणार?”

नर्सबाईने पिशवीतून हातात धरायचा स्प्रिंगचा काटा काढला, बाळाला कापडाच्या झोळीत घालून त्याला टांगलं आणि डोळ्यांसमोर धरलं. “दोन किलो चारशे पन्नास. जन्माचं वजन काय होतं?”

“दोन नऊशे,” मधला म्हणाला. “पण बाई, हे चुकतंय. आज सकाळी दोन नऊशे साठ होतं.”

“कुठे केलं?”

“आमच्या दुकानात,” अक्काने मान ताठ करून सांगितलं. “तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा. तुमचा काटाच बिघडलेला असणार.”

“असेल. आणि मी डोळ्यांनी बघतेय ते?” नर्सबाई मास्तरणीकडे वळली. “तू बस. उशी घे मागे. आजी, एक वाटी आणि चमचा उकळून आणा. हिचं दूध हाताने काढू आणि चमच्याने देऊ. आणि तुम्ही, गाडी बोलवा. दवाखान्यात न्यायचंय.”

कुणाही शहाण्या माणसाने गाडी बोलावली असती. मधल्याने काटा उचलला. “स्प्रिंग सैल होते हो यांची,” तो म्हणाला. “दोन मिनिटांत दाखवतो, मग उगाच धावपळ नको.” आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. त्याला बाळाची काळजी नव्हती असं नाही. पण तो या घरात वाढला होता. काट्याविषयी शंका आली की माणूस आधी काटा तपासतो, हे त्याच्या अंगात होतं. गाडीला फोन शेवटी नर्सबाईनेच केला.

*

खाली मधल्याने स्प्रिंगच्या काट्याला पितळेचं दोन किलोचं वजन अडकवलं. काटा दोनवर थांबला. आणखी अर्धा किलो अडकवला. अडीच. तो पाचशे ग्रामची चूक शोधायला आला होता आणि दहा ग्रामचीही सापडली नाही. त्याने वजनं उतरवली, परत चढवली. मग हळूहळू त्याची नजर मोठ्या तराजूकडे वळली.

अक्का मागोमाग आली होती. तात्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते, हातात काम काहीच नव्हतं.

“तात्या,” मधला म्हणाला, “खुंटी काढू?”

“नको,” तात्या म्हणाले.

त्या ‘नको’नेच सगळं सांगितलं, पण मधल्याला हाताने बघितल्याशिवाय पटणार नव्हतं. त्याने खुंटी उपसली. बाळ ठेवायचं पारडं रिकामं असूनही धाडकन खाली गेलं आणि फळीवर आपटलं. त्याने ते उचलून उलटं केलं. तळाशी लाखेने चिकटवलेले शिशाचे चार तुकडे होते, एकाला एक लागून, कडा कानशीने साफ केलेल्या. तात्यांचं काम ओळखायला त्याला सहीची गरज नव्हती.

पासंग म्हणतात त्याला. तराजूचं एक पारडं मुळात हलकं निघालं तर त्याला असा तुकडा लावून दोन्ही सारखी करतात. तात्यांनी अख्खं आयुष्य पासंग लावण्यात घालवलं होतं, आणि खोटा पासंग लावणाऱ्या दुकानदाराला या दारातून शिव्या घालून हाकललंही होतं.

“रोज एक?” मधल्याने विचारलं.

“रोज एक.”

“म्हणजे तुम्हाला रोज माहीत होतं. किती उतरतेय ते.”

“पहिल्या दिवसांत उतरतंच रे सगळ्यांचं,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाला काम समजावून सांगताना असायचा तसा. “अक्काने पहिल्या दिवशी आकडा वाचला आणि सुनेचं तोंड बघितलं मी. तसंच तोंड मी एकदा बघितलंय. तुझ्या आजोबांनी आकडे वाचून वाचून तुझ्या आईचं दूध आटवलं. मला वाटलं, हिला चार दिवस कुणी टोचू नये. निवांत राहिली की दूध येईल, पोर वजन धरेल, मग मी एकेक तुकडा काढून टाकीन. कुणाला कळणारही नाही.”

“आणि नाही धरलं तर?”

“उद्या धरेल असं वाटायचं.”

अक्का फळ्यासमोर उभी होती. आपल्याच ठसठशीत अक्षरातले पाच आकडे तिने वाचले. “माझ्या तोंडून वदवून घेतलंत,” ती म्हणाली. “तिला रडूबाई म्हणाले मी. ती खरं सांगत होती, आणि मी तिला...” तिने तळहातानेच फळा पुसायला सुरुवात केली. चार दिवस वहिनीच्या मागे लागलेली ही बाई बापाकडे वळून म्हणाली, “तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मला.”

तेवढ्यात वरून नर्सबाईची हाक आली. हाक नव्हे, ओरडणंच.

वर मास्तरीण गादीवर बसली होती. आईच्या हातातल्या वाटीत दोन चमचे पिवळसर दूध निघालं होतं. त्यातले काही थेंब बाळाच्या ओठांतून आत गेले होते, आणि आता बाळाचा डावा हात एका लयीत झटके देत होता. एवढासा हात, पण थांबेना. नर्सबाईने बाळाला मास्तरणीच्या मांडीवरच कुशीवर धरलं होतं. “गाडी आली का? बघा कुणीतरी!”

मधला दारात उभा राहिला, मागे अक्का. त्याच्या हातात अजून स्प्रिंगचा काटा होता.

“हा बरोबर आहे,” तो म्हणाला. “आपलाच... तात्यांनी खाली शिसं लावलं होतं. रोज.”

आईने वाटी खाली ठेवली. फक्त ‘रोज’ हा शब्द तिने स्वतःशी एकदा म्हटला.

“मी सांगत होते,” मास्तरीण म्हणाली. ती रडत नव्हती. “मी सांगत होते आणि तू हसलास.”

तो बाळाला घ्यायला वाकला, तेव्हा तिने बाळ त्याच्याकडे न देता अक्काच्या हातात दिलं. स्वतःला उठता येत नव्हतं म्हणून. अक्काने ते छातीशी धरलं आणि जिना उतरली.

*

तीन दिवस दुकान बंद होतं. दवाखान्यात बाळाला सुई लावली, निळ्या दिव्याखाली ठेवलं. मास्तरणीला शेजारच्या खोलीत एका तरुण नर्सने पहिल्यांदाच नीट दाखवलं, की बाळाचं तोंड मोठं उघडल्यावर टोकाभोवतालचा काळा भागही आत जायला हवा, हनुवटी टेकायला हवी, बाळ झोपलं तरी दर दोन तासांनी उठवायला हवं. सगळं मिळून दहा मिनिटांचं शिकवणं. एवढं शिकवायला तराजू लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी झटके पूर्ण थांबले. “जेमतेम वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूवर काही परिणाम झालाय का, ते आज सांगता येणार नाही. वर्षभर बघत राहावं लागेल.” मधला हे ऐकून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मास्तरीण त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि अक्का तिच्या उशाशी बसून होती. आठवड्यापूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर दोघींनीही खोटं ठरवलं असतं.

त्या दुपारी आई धुतलेले लंगोट न्यायला घरी आली. पिशवी भरून झाल्यावर ती जिना उतरली, आणि रस्त्याकडे न जाता दुकानाचा उंबरा ओलांडून आत आली.

तात्या बाकावरून उठून उभे राहिले. बाकावर शिशाचे चार तुकडे ओळीने मांडलेले होते. ते त्यांनी टाकले नव्हते.

“कशी आहे?”

“गिळते आता. आवाज येतो. मी कान लावून ऐकला.”

“वजन?”

“मी विचारलं नाही.”

ती तराजूपाशी गेली. पारड्याच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. “इथेच ठेवायचे ना आपल्या पहिलीला?”

“हो.”

“आठ दिवस मामंजी वाचत होते. मग ते आजारी पडले आणि तुम्ही वाचायला लागलात. नवव्या दिवशी वीस ग्राम वाढली म्हणालात. दहाव्या दिवशी चाळीस.”

तात्यांनी बाकाची कड धरली.

“तू रडून रडून बेजार झाली होतीस,” ते म्हणाले. “आठ दिवसांत डोळ्याला डोळा नव्हता तुझ्या.”

“दहाव्या दिवशी झोपले मी. वाढतेय म्हटल्यावर झोपले. तिला उठवून पाजायचं सोडून झोपले.” तिने पिशवी खाली ठेवली. “किती होतं खरं?”

ते आठवायला त्यांना वेळ लागला नाही.

“एक किलो आठशे. जन्माला अडीच होती.”

“म्हणजे रोज उतरत होती.”

“रोज.”

आईचा चेहरा असा बदलला की तात्या दचकले. त्यांना वाटलं होतं ती किंचाळेल, हाताला येईल ते फेकून मारेल. ती खाली बसली, तिथेच, लोखंडाच्या किसावर.

“वाढत्या वजनाचं मूल कशाने जाईल हो?” ती म्हणाली. “मी कुशीत घेऊन झोपले होते. मला वाटलं, झोपेत माझ्या अंगाखाली आली. मीच मारली तिला. एकेचाळीस वर्षं मला तेच वाटतंय. अक्का झाली, मधला झाला, धाकटा झाला, एकाही मुलाला मी कुशीत घेऊन झोपले नाही.”

तात्यांचं तोंड उघडलं. हे त्यांना माहीत नव्हतं. एका छपराखाली राहून माहीत नव्हतं.

“मला कधी विचारलं का नाहीस?”

“काय विचारायचं?” आई म्हणाली. “काटा चुकत नाही ना आपला.”

ती भिंतीला धरून उठली, कपड्यांना लागलेला लोखंडाचा कीस झटकला आणि पिशवी उचलली. तात्या दोन पावलं पुढे आले. “मी येऊ का दवाखान्यात?” त्यांनी विचारलं. ती उंबरा ओलांडून रस्त्याला लागली. साडेतीन वाजले होते आणि चारला बाळाला पाजायची वेळ होती.